खोलणं आणि जोडणं



ही मालिका ऐकणाऱ्यांमध्ये इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळुरू, दिल्ली, रायपूर अशा ठिकाणची मराठी माणसं मोठ्या संख्येनं आहेत, असं आयोजकांनी मला सांगितलं. मला त्याचा विशेष आनंद आहे, कारण माझीही नोकरीची बहुतेक वर्षं महाराष्ट्राबाहेर गेली. मी पायदळात होतो. शिक्षण म्हणाल तर बीएस्सी, आणि पुढचं सगळं वाचन हौसेचं. तेव्हा तत्त्वज्ञान किंवा विज्ञान यांतला अधिकारी म्हणून मी बोलणार नाही. या दोन्हींत वारंवार येणारा एक प्रश्न मला अनेक वर्षं आवडत आलाय, तो आज तुमच्यापुढे मांडतो.

प्रश्न असा आहे. गुंतागुंतीची गोष्ट समजून घ्यायची तर आपण तिचे भाग करतो. यंत्र असेल तर पुर्जे, शरीर असेल तर पेशी, पदार्थ असेल तर अणू-रेणू. या पद्धतीला इंग्रजीत रिडक्शनिझम म्हणतात. तर मग भाग कळले म्हणजे ती गोष्ट कळली का?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. अर्धी कळली. उरलेली अर्धी भाग पुन्हा जोडताना कळते. आणि हे अर्धं-अर्धं नीट ध्यानात घेतलं नाही, तर त्याची किंमत कधीकधी जिवंत माणसांना मोजावी लागते.

फौजेत रंगरूट आला की हत्याराच्या पहिल्या तासांत त्याला दोन शब्द शिकवतात, खोलना आणि जोडना. उस्ताद ग्राउंड शीट अंथरतो, रायफल खोलतो आणि एकेक पुर्जा ज्या क्रमानं निघाला त्याच क्रमानं मांडतो. जोडताना क्रम उलटा. आता त्या शीटवर रायफलमधलं सगळं आहे, एक स्प्रिंगसुद्धा कमी नाही. तरी गोळी सुटत नाही. आमची ७.६२ एसएलआर गॅसवर चालायची. गोळी नळीतून जात असताना मागच्या गॅसचा थोडा भाग पिस्टनला मागे ढकलतो, त्या धक्क्यानं रिकामं खोकं बाहेर पडतं, स्प्रिंग दाबली जाते आणि परत येताना पुढची गोळी चढवते. हे काम एकट्या पिस्टनचं नाही की एकट्या स्प्रिंगचं नाही. कोण कोणाला, कधी, किती ढकलतो, यात ते काम आहे. चांगला उस्ताद पुर्ज्याचं नाव सांगून थांबत नाही. तो लगेच विचारतो, ‘यह क्या काम करता है, और किसके साथ?’

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यानं १६३७ साली विचाराची पद्धत सांगणारं पुस्तक लिहिलं. त्यात चार नियम आहेत. दुसरा नियम असा की, अडचणीचे होतील तेवढे भाग करा. हा सगळ्यांना पाठ असतो. तिसरा नियम असा की, सगळ्यांत सोप्यापासून सुरुवात करून पायरीपायरीनं अवघडाकडे चढत जा. हा मात्र फार लोकांच्या लक्षात राहत नाही. म्हणजे खोलणं आणि जोडणं दोन्ही त्यानंही सांगितलं होतं.

आपल्याकडे हा वाद त्याहून खूप जुना आहे. पाली भाषेतल्या मिलिंदपन्ह ग्रंथात मिलिंद राजा आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आहे. मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर. त्याची राजधानी सागल, म्हणजे आजचं सियालकोट, असं मानतात. नागसेन राजाला विचारतो, महाराज, आपण कशातून आलात? राजा म्हणतो, रथातून. मग नागसेन एकेक विचारत जातो. आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग या सगळ्यांच्या पलीकडे रथ नावाची वेगळी वस्तू आहे का? तीही नाही. शेवटी ठरतं ते असं की, हे भाग एका रीतीनं एकत्र असले की आपण त्याला ‘रथ’ हे नाव देतो. आणि जे रथाचं, तेच ‘नागसेन’ या माणसाचं.

याला नैयायिकांनी आणि वैशेषिकांनी जोरदार विरोध केला. गंमत बघा, वैशेषिक हे आपल्याकडचे अणुवादी. कणादांच्या परंपरेतले हे लोक. दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक, आणि त्र्यणुक म्हणजे खिडकीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत दिसणाऱ्या कणाएवढं, असा त्यांचा हिशेब. इतके बारीक तुकडे करणारे हे लोक, पण त्यांचं ठाम मत असं की, अवयव एकत्र आले की ‘अवयवी’ ही एक नवी वस्तू निर्माण होते. सूत आहे आणि सुताचं कापडही आहे. कापड म्हणजे सुताचं टोपणनाव नव्हे. न्यायसूत्रांतला त्यांचा एक युक्तिवाद मला फार पटतो. वस्तूचा एक भाग धरला की आख्खी वस्तू धरली जाते, एक भाग ओढला की आख्खी ओढली जाते. काठीचं टोक ओढा, पूर्ण काठी येते. वाळूच्या ढिगातली चिमूट उचला, हातात चिमूटच राहते. तेव्हा काठी आणि ढीग यांत फरक आहे, आणि तो फरक भागांच्या यादीत सापडत नाही.

मला विचाराल तर दोघांच्याही हाती काहीतरी खरं लागलंय. नागसेन सांगतो, भागांच्या पलीकडे लपलेली गूढ वस्तू शोधत बसू नका. नैयायिक सांगतात, ढीग आणि जोडलेली वस्तू यांना एका मापानं मोजू नका.

आता विज्ञानाकडे येतो. भाग करून समजावण्याचं सगळ्यांत साफ उदाहरण माझ्या मते उष्णतेचं आहे, आणि उंचावरच्या चौकीवर राहिलेल्या प्रत्येकाला ते पोटातून माहीत असतं. ५,५०० मीटर उंचीवर डाळ शिजत नाही. पाणी खळखळ उकळतंय, पण डाळ टणक. कारण तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा असतो आणि पाणी १०० ऐवजी ८२ अंशांच्या आसपासच उकळतं. कितीही रॉकेल जाळा, उघड्या भांड्यातलं पाणी त्याहून गरम होत नाही.

हे असं का? दाब म्हणजे हवेच्या रेणूंचे धक्के. ही कल्पना डॅनिएल बर्नुली यानं १७३८ साली मांडली. पुढे एकोणिसाव्या शतकात मॅक्सवेल आणि बोल्ट्झमन यांनी तिचं पक्कं गणित केलं. तापमान म्हणजे रेणूंच्या धावपळीच्या ऊर्जेची सरासरी. पाण्याचे रेणू बाहेर पडायला धडपडतात, वरून हवेचे रेणू त्यांना थोपवतात. वरचा पहारा विरळ झाला की आतले लवकर निसटतात. कुकरचं झाकण लावून दाब वाढवला की ते पुन्हा थोपले जातात, पाणी जास्त तापतं आणि डाळ शिजते. दाब, तापमान, उकळणं, कुकर, डाळ, सगळं एका कल्पनेत बसलं.

यात दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, एकट्या रेणूला तापमान नसतं आणि एकटा रेणू उकळत नाही. तापमान हा गर्दीचा गुण आहे. दुसरी, उष्णता म्हणजे काय ते कळलं, म्हणून उष्णता खोटी ठरली नाही. कुकरला हात लावून बघा. गोष्ट समजावून सांगणं वेगळं आणि ती नाहीच म्हणून सांगणं वेगळं.

इथपर्यंत सगळं सुरळीत आहे. आता जरा अवघड उदाहरण घेतो, आणि ते आपल्या अगदी जवळचं आहे.

माझ्या कंपनीत नंदुरबारकडचा एक जवान होता. त्याच्या बारा वर्षांच्या बहिणीला दर काही आठवड्यांनी हाडांत भयंकर कळा यायच्या. गावात बाधा म्हणत होते. पुढे मोठ्या दवाखान्यात तपासणी झाली आणि सिकलसेल निघाला. सुट्टीचा अर्ज घेऊन तो माझ्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, ‘साहेब, आम्ही चार भावंडं. तिघं धडधाकट. हे तिलाच का? आणि आमच्याच घरी का?’

हा ‘का’ दिसतो एक, पण तो उतरंडीसारखा आहे. एकावर एक मडकी रचलेली, आणि प्रत्येक मडक्यात वेगळं उत्तर.

आधी खाली उतरू. १९१० मध्ये शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तात विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशींची नोंद प्रसिद्ध केली. सिकल म्हणजे विळा. ही झाली पेशीची पातळी. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की या रुग्णांचं हिमोग्लोबिनच वेगळं आहे. विजेच्या क्षेत्रात ते निरोगी हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या वेगानं सरकतं. एखादा आजार एका रेणूशी इतका नेमका जोडला जाण्याची ही पहिलीच वेळ होती. मग १९५६ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इंग्रॅम यांनी खरोखरच ‘खोलना’ केलं. हिमोग्लोबिनचे त्यांनी तीसेक तुकडे केले, ते ओल्या कागदावर पसरले, निरोगी आणि रोगी असे दोन कागद शेजारी ठेवले. सगळे ठिपके जुळले, एक सोडून. त्या तुकड्यात एक अॅमिनो आम्ल बदललेलं होतं.

हिमोग्लोबिनच्या चार साखळ्यांपैकी ज्या दोन बीटा साखळ्या, त्यांत प्रत्येकी १४६ कड्या असतात. त्यांतल्या सहाव्या कडीत ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आलेलं. आणखी खाली गेलं तर डीएनएच्या मजकुरात एक अक्षर बदललेलं. एक अक्षर! त्यावर एका मुलीचं आख्खं बालपण कळांमध्ये जातं. भाग करण्याच्या पद्धतीचा याहून मोठा विजय मला माहीत नाही.

पण आता वर चढा. ती सहावी कडी बदलल्यानं हिमोग्लोबिनच्या अंगावर जणू एक चिकट ठिपका तयार होतो. प्राणवायू सोडून दिला की असे रेणू एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्या लांब, ताठ काड्या होतात. काड्यांनी पेशी वाकते. वाकलेल्या ताठ पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढच्या भागाला रक्त मिळत नाही, आणि त्या हाडातून कळ उठते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत मोडते, म्हणून रक्त कमी. प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते, म्हणून जंतुसंसर्ग जिवावर बेततो. प्रत्येक पायरीवर नवं काहीतरी कळावं लागतं. चिकटण्याचं रसायन, प्रवाहाचं शास्त्र, अवयवांचं काम. नुसत्या त्या एका अक्षराकडे वर्षभर टक लावून बसलात, तरी प्लीहा कशासाठी असते ते कळणार नाही. आणि अक्षर तेच असूनही एक रुग्ण सतत दवाखान्यात असतो, दुसरा बऱ्यापैकी संसार करतो. बाकीचे जनुक, शरीरात उरलेलं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन, थंडी, पाण्याची कमतरता, ताप, या सगळ्यांचा त्यात हात असतो.

आता ‘तिलाच का?’ याचं उत्तर. आई आणि वडील दोघंही वाहक होते. वाहक म्हणजे दोन प्रतींपैकी एकच बदललेली. तो सहसा आजारी नसतो. दोघं वाहक असले की प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक. कोणाचं पाप नाही, कोणाची बाधा नाही.

‘आमच्याच घरी का?’ याचं उत्तर मात्र त्या रेणूत कितीही खोल गेलात तरी सापडणार नाही. ते डासात आहे. १९५४ मध्ये अँथनी अॅलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं की सिकलसेलच्या वाहकाला घातक मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरियानं मुलं दगावली, तिथे ही एक बदललेली प्रत टिकून राहिली. आपल्याकडे नंदुरबार, धुळे, विदर्भ, दक्षिण गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड, ओडिशा, निलगिरी, म्हणजे बहुतेक जंगलपट्टा. तेव्हा या आजाराची पूर्ण गोष्ट सांगायची तर जंगल, डास, पाऊस आणि कोण कोणाशी लग्न करतं याच्या रीती, एवढं सगळं लागतं.

आणि ‘आता करायचं काय?’ हे आणखी वरचं मडकं. रेणू कळून सत्तर वर्षांहून जास्त काळ झाला. २०२३ मध्ये जनुकात बदल करणाऱ्या क्रिस्पर उपचाराला ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. तिकडे त्याची किंमत वीस लाख डॉलरच्या वर आहे. पण लहान मुलांचे जीव ज्यांनी मोठ्या प्रमाणावर वाचवले त्या गोष्टी साध्या आहेत. बाळाची वेळेवर तपासणी, पेनिसिलिन, लसी, पुढे हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या, भरपूर पाणी, आणि कळ उठल्यावर दवाखान्यापर्यंत नेणारी गाडी. भारत सरकारनं १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवून. हे काम परिचारिकेचं, आशाताईंचं, रस्त्याचं आणि औषधांच्या साठ्याचं आहे. अर्थात रेणू कळला नसता तर तपासणी कशाची करायची हेच ठरलं नसतं. खालचं मडकं काढून घेतलं तर उतरंड कोसळते. पण फक्त खालचंच ठेवलं, तर ती उतरंडच नव्हे.

म्हणून मला एका शब्दाबद्दल सावध करायचंय. तो शब्द म्हणजे ‘नुसतं’. प्रेम म्हणजे नुसती रसायनं. मन म्हणजे नुसता मेंदू. शौर्य म्हणजे नुसतं अॅड्रिनलिन. अॅड्रिनलिन खरंच असतं, मी नाकारत नाही, गोळीबारात हृदय कसं धडधडतं ते मला माहीत आहे. पण त्याच अॅड्रिनलिननं माणूस पळूनही जातो. एखादी पलटण रात्रभर जागा का सोडत नाही, याचं उत्तर तिच्या सरावात, नेतृत्वात आणि शेजारच्या खंदकातल्या माणसावरच्या विश्वासात असतं. आज वेगवेगळ्या ठिकाणांहून बदलून आलेले १२० जवान घ्या आणि वर्षभर एकत्र राहिलेली १२० जणांची कंपनी घ्या. माणसं तेवढीच, हत्यारं तीच. फरक काय आहे ते कोणत्याही सुभेदाराला विचारा.

अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसन यांनी १९७२ मध्ये एक लेख लिहिला, त्याचं नावच ‘मोर इज डिफरंट’. त्यांचं म्हणणं असं की, सगळं काही साध्या नियमांपर्यंत खाली नेता येतं हे मान्य, पण म्हणून त्या नियमांपासून निघून सगळं जग पुन्हा वर उभारता येतं असं नाही. संख्या वाढली, गुंतागुंत वाढली की प्रत्येक पायरीवर नवे गुण दिसतात आणि त्यांना नव्या कल्पना लागतात. हे म्हणणारे गृहस्थ स्वतः पदार्थाच्या अंतरंगात शिरणारे, १९७७ चे नोबेल विजेते. तुकडे करण्यावर त्यांचा राग नव्हता.

उलट बाजूचा धोकाही सांगतो. काही लोक म्हणतात, विज्ञान तुकडे करतं, आम्ही ‘समग्र’ पाहतो. फार गोड वाटतं. पण तुकड्यांना हात न लावता समग्र पाहणारे त्या मुलीला बाधा झालीय म्हणत होते. रायफल खोलायचीच नाही म्हणणाऱ्याची रायफल ऐन वेळी अडकते.

आणि ‘नुसतं’ या शब्दानं काय होतं, ते मी निवृत्तीनंतर शाळा-महाविद्यालयांत बोलायला जातो तिथेही पाहिलंय. तपासणीत मुलगी वाहक निघाली, स्वतः पूर्ण निरोगी, आणि तिचं स्थळ मोडलं. मुलाची तपासणी कोणी केलीच नाही. म्हणजे आख्खी मुलगी, तिचं शिक्षण, तिचा स्वभाव, सगळं एका अक्षरावर आणून ठेवलं. हे विज्ञान नव्हे. विज्ञान सांगतं की धोका जोडीत आहे. दोघंही वाहक असतील तर विचार करा, डॉक्टरांशी बोला. एकच असेल तर त्यांच्या मुलांपैकी कोणालाही सिकलसेल अॅनिमिया होणार नाही. मात्र दुसऱ्याचीही पूर्ण तपासणी हवी, कारण थॅलेसेमियासारखा दुसरा दोष त्याच्यात असला तर मुलाला त्रास होऊ शकतो. भागाबद्दलचं ज्ञान जोडीचा विचार सोडून वापरलं की असा अन्याय होतो.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कोणी तुम्हाला गुंतागुंतीची गोष्ट ‘सोपी करून’ सांगेल, मग ती आजाराची असो, शेतीची, मुलांच्या अभ्यासाची किंवा दंगलीची, तर त्याला तीन प्रश्न विचारा. पहिला, कोणते भाग आहेत? याचं उत्तर नसेल तर तो हवेत बोलतोय. दुसरा, ते एकमेकांना कसे ढकलतात? याचं उत्तर नसेल तर त्यानं तुमच्यापुढे फक्त ग्राउंड शीट अंथरलीय. तिसरा, माझा प्रश्न कोणत्या पायरीवरचा आहे, आणि तुमचं उत्तर त्याच पायरीवरचं आहे का?

आणि जाता जाता एक विनंती. मी नावं घेतली त्या पट्ट्यांत तुमचं मूळ गाव असेल, आज तुम्ही कुठेही राहत असलात तरी, तर घरातल्या लग्नाच्या वयाच्या मुलामुलींची सिकलसेल तपासणी करून घ्या. दोघांचीही. आणि अहवाल हातात आला की त्यातलं अक्षर वाचा, पण पुढ्यात बसलेलं माणूस त्या अक्षराएवढं समजू नका.

 जय हिंद.